‘एनीबडी डिड नॉट कम’ : नियम पाठ असूनही परत परत होणारी चूक कशी काढायची

माझी एक विद्यार्थिनी नर्सिंग करून हैदराबादच्या एका खासगी दवाखान्यात लागली. सहा खाटांचा वॉर्ड, रात्रपाळी. एकदा एक औषध वेळेवर वर आलंच नाही, त्यामुळे सहाही पेशंटचा संध्याकाळचा डोस राहिला. सकाळी पाळी सोपवताना तिने रजिस्टरात लिहिलं, ‘एव्हरीबडी डिड नॉट गेट द ईव्हनिंग डोस’, आणि खोलीवर जाऊन झोपली.

तिला म्हणायचं होतं, कोणालाच डोस मिळाला नाही. सकाळच्या सिस्टरने त्याचा अर्थ लावला, सगळ्यांना मिळाला नाही, म्हणजे काहींना मिळाला. मग कोणाला? परत द्यावा तर दुप्पट व्हायची भीती, न द्यावा तर राहून जायची. तीन फोन झाले. पोरगी झोपेतून उठून परत वॉर्डात गेली, सहाही चार्ट उघडून दाखवले, तेव्हा कुठे डोस दिले गेले. कोणाला काही झालं नाही, पण त्या दुपारी तिचा फोन आला तेव्हा ती रडत होती. म्हणाली, “मॅडम, आधी मी एनीबडीच लिहिलं होतं. तुम्ही ते चूक म्हणायच्या, म्हणून खोडून एव्हरीबडी केलं.”

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. उदगीरला मी संध्याकाळी स्पोकन इंग्लिशची बॅच घेते. ‘एनीबडी डिड नॉट’ दिसलं की लाल गोल करायचा, हे मी वर्षानुवर्षं करत आले. चूक कुठे आहे ते सांगितलं, चूक का होते ते सांगितलं नाही. म्हणून पोरं त्या खड्ड्यातून निघून शेजारच्या खड्ड्यात पडायची. आता मी हा भाग ज्या पद्धतीने शिकवते, ती इथे सविस्तर मांडते.

चूक ओळखायची कशी

खालच्यासारखी वाक्यं तुमच्या तोंडून किंवा तुमच्या पोरांच्या वहीतून येत असतील, तर आजार हाच आहे. ‘एनीबडी डिड नॉट कम.’ ‘एनीथिंग इज नॉट देअर.’ ‘नोबडी डिड नॉट टेल मी.’ ‘आय डिड नॉट सी नोबडी.’ ‘टू एनीबडी इज नॉट हंग्री.’ आणि आमच्या नर्सताईचं, ‘एव्हरीबडी डिड नॉट गेट.’

पाचसहा वेगवेगळ्या चुका वाटतात, पण मूळ एकच आहे.

नियम पाठ आहे, मग चूक का होते?

शाळेत सगळ्यांना एक नियम शिकवलेला असतो: होकारार्थी वाक्यात सम, नकारार्थी आणि प्रश्नार्थक वाक्यात एनी. पोरगं तो नियम इमानदारीने पाळतं. ‘कोणी आलं नाही’ हे वाक्य नकारार्थी आहे ना? मग एनीबडी. ‘आलं नाही’ म्हणजे डिड नॉट कम. दोन्ही जोडले, झालं ‘एनीबडी डिड नॉट कम’. नियम पाळूनच चूक झाली. म्हणून अशा पोराला ‘नियम पाठ कर’ म्हणणं म्हणजे दुखऱ्या दातावर खडीसाखर देणं आहे. त्या नियमातली एक अट कोणी सांगतच नाही. इंग्रजीत एनीवाला शब्द नकाराच्या मागून येतो, पुढे येत नाही. आधी नॉट किंवा नो यायला पाहिजे, मग एनी. ‘आय डिड नॉट सी एनीबडी’ बरोबर, कारण नॉट आधी येऊन गेला. ‘एनीबडी डिड नॉट कम’ चूक, कारण एनीबडी आला तेव्हा नकाराचा पत्ताच नव्हता.

आता आपल्या भाषेकडे बघा. मराठीत नकार कुठे असतो? वाक्याच्या शेवटी, क्रियापदाला चिकटून. कोणी आलं नाही. काही मिळालं नाही. कोणी बोलू नये. मराठीत ‘नोबडी’ला एका शब्दात उत्तर नाही. ‘कोणीच’ एकटं उभं राहत नाही, त्याला शेवटी ‘नाही’ लागतंच. इंग्रजी मात्र नकार उचलून थेट माणसाच्या शब्दात घालते. नन हा शब्द जुन्या इंग्रजीत नकार आणि एक या दोन शब्दांचा सांधा आहे, आणि नथिंग तर उघडच नो अधिक थिंग.

आमच्या भागात ही गाठ जास्तच घट्ट बसते. उदगीर १९५६पर्यंत बीदर जिल्ह्यात होतं, त्यामुळे कित्येक घरांत आजही कन्नड बोलतात. देगलूर, बिलोलीकडे तेलुगू कानावर पडते. गल्लीत दखनी आहेच. बॅचमध्ये मी कधी कधी चार पोरांना उभं करते आणि प्रत्येकाला घरच्या बोलीत ‘कोणी आलं नाही’ म्हणायला सांगते. मराठीवाला म्हणतो, “कुनी आलं नाई.” दखनीवाला म्हणतो, “कोई नै आया.” कन्नडवाली म्हणते, “यारू बरलिल्ल.” तेलुगूवाला म्हणतो, “एवरू रालेदु.” चारही भाषांत नकार क्रियापदाजवळ! म्हणजे चुकणाऱ्या पोराला घरी, दारी, बाजारात कुठेच ‘नोबडी केम’ या बांधणीचा आधार मिळत नाही. हे कळल्यावर पोरांच्या चेहऱ्यावरची लाज जाते. आपण मठ्ठ नाही, आपल्या चारही भाषांची चाल वेगळी आहे, एवढं त्यांना समजतं. माझ्या मते अर्धा उपाय तिथेच होतो.

उपाय: ‘नाही’ उचला आणि पुढे ठेवा

बोलण्याआधी मराठी वाक्य मनात पूर्ण होऊ द्या. अर्धं वाक्य मनात असताना इंग्रजी सुरू केलं की शेवटचा ‘नाही’ हातातून निसटतो, आणि तोवर एनीबडी तोंडातून गेलेला असतो. वाक्य पूर्ण झालं की शेवट बघा. नाही, नको, नये, नव्हतं, नसतं, यातलं काही आहे का?

असेल, आणि ‘कोणी’ किंवा ‘काही’ने इंग्रजी वाक्य सुरू होणार असेल, तर तो ‘नाही’ शेवटून उचला आणि त्या शब्दात घाला. कोणी अधिक नाही, नोबडी. काही अधिक नाही, नथिंग. मागे राहिलेलं क्रियापद साधं होकारार्थी ठेवा, कारण त्यातला नकार तुम्ही काढून घेतलाय. ‘कोणी आलं नाही’, नोबडी केम. ‘काही उरलं नाही’, नथिंग इज लेफ्ट. डिड नाही, नॉट नाही.

‘कोणी’, ‘काही’ वाक्यात मागे येत असतील तर काम सोपं आहे. ‘मी काही खाल्लं नाही’, आय डिड नॉट ईट एनीथिंग. रोजच्या बोलण्यात हेच. ‘आय एट नथिंग’ हेही बरोबर आहे, पण त्यात जोर येतो, काही म्हणजे काहीच खाल्लं नाही असा.

मग नाही मोजा. मराठी वाक्यात एक ‘नाही’ असेल तर इंग्रजीतही नकार एकच पाहिजे. ‘नोबडी डिड नॉट टेल मी’ यात दोन आहेत, नोबडीमधला एक आणि नॉट दुसरा. प्रमाण इंग्रजीत हे दोघे एकमेकांना खाऊन टाकतात आणि अर्थ होतो, असा कोणी नव्हता ज्याने मला सांगितलं नाही, म्हणजे सगळ्यांनी सांगितलं! पोरं विचारतात, इंग्रजी गाण्यांत आणि पिक्चरमध्ये तर दोन दोन नकार ऐकू येतात. येतात, खरं आहे. कित्येक इंग्रजी बोलींत तो जोर द्यायचा जुना रिवाज आहे आणि शेकडो वर्षांपूर्वीच्या लिखाणातही तो सापडतो. त्या बोलींना हसायचं कारण नाही. पण परीक्षा, मुलाखत आणि दवाखान्याचं रजिस्टर यांत तो चालत नाही.

‘कोणाला’ आलं की सगळे अडखळतात

‘नोबडी केम’ जमलं म्हणून थांबू नका. परवा बॅचमध्ये मी ‘कोणाला भूक नाही’ हे वाक्य दिलं. पाच मिनिटं शांतता. मग एक मुलगा फळ्याशी आला, त्याने ‘टू एनीबडी’ लिहिलं, पुसलं, ‘एनीबडी हॅज नॉट हंगर’ लिहिलं, तेही पुसलं. खडूची भुकटी बोटांना, आणि माझ्याकडे बघत उभा.

मराठीत भूक, तहान, माहिती, आवड, पैसा, वेळ, हे सगळं माणसा‘ला’ किंवा माणसा‘कडे’ असतं. मला भूक आहे. माझ्याकडे पैसे आहेत. त्यामुळे ‘कोणाला’, ‘कोणाकडे’ हे शब्द कर्ते वाटतच नाहीत. इंग्रजीत मात्र तो माणूस उचलून वाक्याच्या तोंडाशी बसवतात. म्हणून मी त्याला विचारलं, “भूक कोणाच्या पोटात नाही?” तो म्हणाला, “कोणाच्याच.” “मग तोच पुढे घे.” त्याने लिहिलं, नोबडी इज हंग्री. वाक्य एवढंसं झालेलं बघून त्यालाच नवल वाटलं.

हा भाग तोंडात बसेपर्यंत घोटा. कोणाला माहीत नाही, नोबडी नोज. कोणाकडे सुट्टे नव्हते, नोबडी हॅड चेंज. कोणाला वेळ नाही, नोबडी हॅज टाइम. कोणाला नको होतं, नोबडी वाँटेड इट. कोणालाच डोस मिळाला नाही, नोबडी गॉट द डोस. त्या रजिस्टरात हवं होतं ते हेच वाक्य.

एव्हरीबडीने घोळ का झाला, तेही इथेच बघू. ‘सगळ्यांना मिळाला नाही’ हे मराठीतही दुटप्पी वाक्य आहे. एकालाही नाही असंही होतं, थोड्यांना मिळाला थोड्यांना नाही असंही होतं. इंग्रजीत ‘एव्हरीबडी डिड नॉट’चं तसंच होतं, आणि ऐकणारा बहुतेक वेळा दुसरा अर्थ धरतो. म्हणून ते लिहूच नका. एकालाही नाही, तर नोबडी. काहींना नाही, तर ‘नॉट एव्हरीबडी गॉट द डोस’, नकार अगदी सुरुवातीला.

मराठीच्या शेपट्या

नकाराचं जमलं की सम आणि एनीचा गोंधळ मराठीनेच सोडवता येतो. ‘कोणी’, ‘काही’च्या मागे आपण जी छोटी शेपटी लावतो, तिच्यात उत्तर दडलेलं असतं.

‘तरी’ असेल तर सम. कोणीतरी दार वाजवतंय, समबडी इज नॉकिंग. शेपटीच नसेल आणि प्रश्न किंवा ‘तर’ असेल, तर एनी. कंडक्टर विचारतो, “कोणी उतरणार आहे का?” इज एनीबडी गेटिंग डाउन? कोणी विचारलं तर सांग, इफ एनीबडी आस्क्स, टेल देम. ‘ही’ असेल आणि वाक्य होकारार्थी असेल, तरीही एनी, कारण ‘कोणीही’मध्ये निवड खुली असते. कोणीही येऊ शकतं, एनीबडी कॅन कम. आमच्याकडे ‘ही’च्या जागी ‘बी’ म्हणतात, “काई बी चालतंय”, तेही तेच, एनीथिंग विल डू. आणि ‘च’ आला की ओळखा, शेवटी ‘नाही’ उभा आहे, तो उचलायचाय.

‘कोणीही आलं नाही’मध्ये ‘ही’ आणि ‘नाही’ दोन्ही आहेत. तिथे ‘नाही’ मोठा. नोबडी केम.

पाहुणचारात हे फार सुंदर दिसतं. शाळेचा नियम म्हणतो प्रश्नात एनी. पण घरी आलेल्या माणसाला इंग्रजीत विचारतात, ‘वुड यू लाइक समथिंग टू ड्रिंक?’ तिथे सम का? कारण तो नावाला प्रश्न आहे, खरं तर आग्रह आहे. आपणही आग्रहात ‘तरी’ वापरतो. काहीतरी घ्या, चहा तरी घ्या, असंच कसं जाता? ‘तरी’ आला, सम आला. उलट, दुकानदाराने ‘आणखी काही?’ विचारलं तर एनीथिंग एल्स, कारण तुम्ही हो म्हणाल की नाही हे त्याला ठाऊक नसतं.

‘कोणी ना कोणी’मधला ‘ना’ मात्र नकार नाही. त्याला उचलायला जाऊ नका. कोणी ना कोणी येईलच, समबडी ऑर अदर विल कम.

बारीकसारीक, पण रोज लागणारं

‘एव्हरीबडी आर’ ही चूक ‘सगळे’ या शब्दातून येते. ‘सगळे आले’ अनेकवचनी आहे, म्हणून जीभ आरकडे जाते. मनात ‘प्रत्येक जण आला’ म्हणा. एव्हरीबडी इज हिअर. एव्हरीथिंग इज रेडी. प्रत्येक जण, एकवचन.

‘वन ऑफ माय फ्रेंड’ तर अख्ख्या जिल्ह्यात ऐकू येतं. ऑफ आला की मराठीत ‘पैकी’ म्हणून बघा. माझ्या मित्रांपैकी एक. मित्रांपैकी, मित्रापैकी नाही. म्हणून फ्रेंड्स. पण एकच जण आहे, म्हणून क्रियापद एकवचनी: वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन पुणे. ईच ऑफ द गर्ल्स हॅज अ बुक, हेही तसंच.

‘दुसरं कोणी’चं ‘अदर एनीबडी’ करू नका. एल्स मागून लावा: समबडी एल्स, नथिंग एल्स. देवळाबाहेर चप्पल बदलली तर दीज आर समबडी एल्सेज चप्पल्स, मालकीचा प्रत्यय एल्सला. ‘काहीतरी नवीन’चं मात्र डोकं न लावता समथिंग न्यू करा. इथे मराठी आणि इंग्रजीचा क्रम अगदी एक आहे. नियमाच्या धास्तीने ‘न्यू समथिंग’ करणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि मला वाईट वाटतं, कारण त्यांची मराठी त्यांना बरोबर उत्तर देत होती.

‘इफ एनीबडी आस्क्स, टेल देम’मध्ये माणूस एक आणि सर्वनाम देम, हे खटकतं. बाई की माणूस हे ठाऊक नसलं की मराठी नपुंसकलिंग घेते, ‘कोणी आलं का’. इंग्रजी तिथे दे घेते, आणि चौदाव्या शतकापासून घेत आली आहे. ही नवी ढिलाई नाही, बिनधास्त वापरा. वाक्यामागे जोडलेल्या शेपटीच्या प्रश्नातही, म्हणजे टॅग क्वेश्चनमध्येही, हाच दे येतो. नोबडी कॉल्ड, डिड दे? नोबडीमध्ये नकार आहे, म्हणून शेपटी होकारार्थी.

लिहिताना समवन, एनीवन, एव्हरीवन जोडून येतात, नो वन तेवढं सुटं. समवन आणि समबडी यांच्या अर्थात फरक नाही, त्यात वेळ घालवू नका.

फ्यू आणि अ फ्यू, लिटल आणि अ लिटल, यांनाही शेपट्यांनी सोडवा. ‘थोडंच’ म्हणजे लिटल, ‘थोडंसं’ म्हणजे अ लिटल. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना ‘धरणात थोडंच पाणी आहे’ आणि ‘धरणात थोडंसं पाणी आहे’ यातलं अंतर समजावून सांगावं लागत नाही. पहिल्यात काळजी आहे, देअर इज लिटल वॉटर. दुसऱ्यात धीर आहे, देअर इज अ लिटल वॉटर. एका ‘अ’वर एवढं तोललेलं असतं.

इतकं करूनही चूक राहिली तर

बहुतेकांचा अडथळा वेगाचा असतो. बोलताना घाई होते आणि एनीबडी आधी सुटतो. तसं झालं तर वाक्य मागे घेऊ नका, अडखळू नका. एनीबडी तोंडातून गेलाच असेल तर पुढे प्रश्न करून टाका: एनीबडी हिअर? मग शांतपणे नवं वाक्य, नोबडी केम. आणि रोज रात्री मोबाइलवर घरातल्या दिवसभराच्या गोष्टींची दहा वाक्यं रेकॉर्ड करा, दहाही ‘कोणी’ किंवा ‘काही’ आणि ‘नाही’ असलेली. कोणी फोन उचलला नाही. डब्यात काही उरलं नाही. कोणाला झोप नव्हती. सकाळी ऐकताना फक्त नकार मोजा.

उलटा त्रासही होतो. नियम पक्का बसला की पोरं ‘एनीबडी’नंतर ‘नॉट’ दिसताच घाबरतात आणि बरोबर वाक्यही खोडतात. ‘एनीबडी हू हॅज नॉट पेड कॅन पे टुमॉरो’ हे वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. मराठीत ते ‘ज्या कोणी पैसे भरले नाहीत, ते उद्या भरू शकतात’ असं होतं. इथला ‘नाही’ मधल्या छोट्या वाक्याचा आहे, मुख्य वाक्याचा शेवट होकारार्थी आहे. ‘जो कोणी’, ‘ज्या कोणी’ ऐकू आलं की एनीबडी हू, आणि त्यातला नॉट तिथेच राहू द्या. तसंच ‘कोणालाही न सांगता’चं विदाउट टेलिंग एनीबडी. नकार विदाउटमध्ये आधीच येऊन गेलाय, म्हणून मागे एनी चालतो. ‘क्वचितच कोणी येतं’मध्ये हार्डली तेच काम करतो, हार्डली एनीबडी कम्स.

नर्सताई मागच्या दिवाळीला भेटायला आली होती. मी तिला मुद्दाम अवघड वाक्य दिलं, “ज्या कोणाला डोस मिळाला नाही, त्यापैकी कोणीच तक्रार केली नाही.” दोन नाही, एक मधला, एक शेवटचा. ती क्षणभर थांबली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, “नो वन हू डिड नॉट गेट द डोस कम्प्लेन्ड.”